दारोग्याची हिरवी चढण

“सायबाला दिसायला झकास पायजे!” आमचा दारोगा उठता-बसता हेच म्हणायचा आणि म्हणताना स्वतःचीच मिशी कुरवाळायचा.

निजामाच्या राज्यातल्या एका बड्या अंमलदाराची भालकीजवळ बाग होती. तिथं मी माळी होतो आणि हा आमच्यावर देखरेख करणारा दारोगा. साहेब येणार असले की वाळक्या कुंडीत तो दुसऱ्या झाडाची फुलं खोचून ठेवी. मुळाला पाणी घालायला सांगितलं तर म्हणे, “मूळ कोन बघायलंय?” असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. आम्हाला तो रोज पाहावा लागे.

एकदा बागेचं सामान बिदरच्या बंगल्यावर न्यायचं ठरलं. त्यात हिरवळीवर फिरवायचा दगडी रूळ होता. तो बैलगाडीत चढवायला लाकडी चढण करायची होती. वीरप्पा सुतारानं जाड फळ्या जोडून मधोमध दोन भक्कम टेकू दिले. दारोग्यानं ती हिरवी रंगवून घेतली, कडेला वेलबुट्टी काढून घेतली. वर त्याला ते टेकू खुपू लागले.

“काढ ते. म्हाताऱ्याच्या काठीवानी दिसायलंय.”

“दारोगासाब, टेकू काढला तर फळी मोडती,” वीरप्पा म्हणाला.

“सायब बघायला यायलेत. काढ म्हणलो न्हव?”

वीरप्पानं हत्यारं गुंडाळली आणि तो घरी गेला. टेकू दारोग्यानंच लाथ मारून पाडले.

साहेब व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले. आम्ही गाडीवरून दोर ओढत होतो. खालून नागप्पा रुळाला खांदा लावून रेटत होता. तो माझ्याच जोडीचा माळी, अंगानं थोराड, बोलायला मऊ. रूळ मध्यावर आला आणि फळ्या कडाडून मोडल्या. दोर आमच्या हातातून सुटला. नागप्पाला बाजूला व्हायला सवडच मिळाली नाही. त्याचा पाय रुळाखाली गेला.

“आई गं, पाय! पाय गेला माझा!” नागप्पा ओरडला.

दारोगा धावत आला. मला वाटलं, नागप्पाला हात देईल. त्यानं रुळावरून हात फिरवला, कुठं टवका उडालाय का पाहिलं आणि व्हरांड्याकडं वळून ओरडला, “सरकार, रूळ सलामत है!”

आम्ही रूळ ढकलून पाय सोडवला, मोडक्या चढणीचीच एक फळी घेतली, नागप्पाला तिच्यावर निजवलं आणि दवाखान्याकडं निघालो. मागून हाक आली, “फळी वापस आना रे! रंग खरडू नका!”

नागप्पाचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तो मेहकरला बहिणीकडं गेला तो पुन्हा बागेत आला नाही. दारोग्यानं त्याचं नावसुद्धा काढलं नाही.

पुढं साहेबांची बदली हैदराबादला झाली. दारोगाही त्यांच्याबरोबर निघाला. सकाळी त्यानं स्वतःच गुलाबांचा हार ओवला आणि माझ्या हातात दिला. “सायब मोटारीत बसले की माझ्या गळ्यात घाल. समद्यांदेखत.”

साहेब बसले. दारोगा माझ्यापुढं आला, डोळे मिटून त्यानं मान वाकवली. खोटं कशाला सांगू, त्या पिकल्या केसांकडं बघून क्षणभर कीव आली. पण हात वर झाला नाही.

तो वाट बघत राहिला. मोटारीचा भोंगा वाजला तेव्हा तो तसाच, वाकलेल्या मानेनं, मोटारीकडं धावला.