नापास झालेले फोरमन

फोरमन जगातल्या सगळ्या गोष्टींची दोन भागांत वाटणी करत: पाण्याच्या वरच्या आणि पाण्याखालच्या. जहाजाचा जो भाग पाण्यात बुडालेला असतो तिथला वेल्डिंगचा सांधा निर्दोषच लागतो, वरच्या कठड्याला थोडं इकडंतिकडं खपून जातं, एवढंच त्याचं मूळ. पण निवृत्त होऊन गावी आल्यावर ही मोजपट्टी त्यांनी अख्ख्या गावाला लावली. नवा रस्ता, ग्रामपंचायतीची कमान, लग्नातली जिलबी, सख्खा जावई, सगळ्यांवर निकाल एकच: "चालंल, पाण्याच्या वर." जावई समोर बसून जेवत असला तरी.

फोरमन जाऊन आता वर्ष होईल. फोरमन हे त्यांचं पद नव्हतं. मुंबईच्या गोदीत ते शिकाऊ म्हणून शिरले, वेल्डर झाले आणि वेल्डर म्हणूनच बाहेर पडले. बढती त्यांना गावानं दिली, आणि त्यांनी ती इतक्या सहज स्वीकारली की पुढं घरावरच्या पाटीवरही तेच नाव आलं. आयुष्यभर जहाजं बांधली, पण एकाही जहाजातून ते समुद्रात गेले नाहीत. कुणी डिवचलंच तर म्हणायचे, "हलवाई सगळी मिठाई खातो काय रं?"

आमचं फॅब्रिकेशनचं दुकान जुन्या हायवेला, लोधिवलीच्या अलीकडे. गेट, ग्रिल, जिने. काम नवरा करतो. गिऱ्हाईक, हिशेब, माल आणि वेळापत्रक माझ्याकडे. रोज सकाळी मी दिवसाच्या कामांची यादी करते आणि फोरमन रोज सकाळी ती बिघडवायला येत. आमचं बरंचसं गिऱ्हाईक फार्महाऊसवालं. गेट मजबूत आहे का, हे त्यातलं कुणी विचारत नाही. गेटावरचा मोर नाचताना दिसतो का, हे विचारतात. कर्जतकडच्या कोंडाण्याच्या बाजूला बंगला बांधणाऱ्या एका साहेबांनी तर मोराच्या डोळ्यांत भाव नाहीत म्हणून गेट परत पाठवलं होतं. फोरमन मोराभोवती एक फेरी मारून म्हणाले, "वयनी, ह्यो मोर पाण्याच्या वर हाय म्हणून वाचलात."

मोठा बदल झाला तो आमच्या मुलीमुळं, तेजूमुळं. तिनं आयटीआयला वेल्डरचा ट्रेड घेतला आणि पास होताच जाहीर केलं की गोदीत शिकाऊ उमेदवार म्हणून अर्ज भरणार. घरातल्या अशा घोषणांवर निर्णय देतात माझे थोरले दीर, नाना. नानांकडे कर्जतच्या बाजूचं एक स्थळ तयार होतं. मुलाचं कर्तृत्व एकच: वडिलांनी जमीन योग्य वेळी विकली होती.

"पोरीच्या जातीनं ठिणग्या खायच्या?" नाना म्हणाले.

"चुलीपुढं बसून काय खाते मग?" तेजू म्हणाली.

शेवटी तह झाला. परीक्षा द्यायची. लागली तर गोदीत जायचं. नाही लागली तर दिवाळीनंतर बार उडवायचा. तेजूनं तिथंच कबूल केलं. नाना शब्दाचे पक्के आहेत, विशेषतः दुसऱ्यानं दिलेल्या.

तेजूला तयार करायचं काम फोरमननी कुणी न सांगताच अंगावर घेतलं. सुरुवातीला तिला वेल्डिंगची कांडी हातातच घेऊ दिली नाही. दुकान झाडायचं, केबल गुंडाळायची, आणि बापाचा हात कसा चालतो ते काळ्या काचेतून बघत राहायचं. "शिकाऊनं आदी बघायचं. हात मागनं येतात," हे त्यांचं दुसरं आवडतं वाक्य. तिसरं वाक्य चहा आला का, हे होतं.

मग त्यांनी तिला वेल्डिंगला आलेल्या टेंपोखाली घातलं. तिथून बाहेर काढलं ते दुकानामागच्या जुन्या टँकरच्या टाकीत. "जहाजात तुला उभं ऱ्हायला जागा कोण देनार हाय? पोटावर सरपटत जायाचं, डोक्यावरचा सांधा मारायचा. ठिणगी कॉलरीतनं आत गेली तरी हात हलवायचा नाय. बोंब नंतर मारायची." तेजू आतून बोंब मारायची, फोरमन बाहेरून टाकीवर हातोडी मारून दाद द्यायचे.

एकदा स्थळाकडच्या एक आत्याबाई मुलगी सहज बघायला म्हणून दुकानातच आल्या. टाकीच्या भोकातून तेवढे तेजूचे बूट बाहेर दिसत होते. फोरमननी अदबीनं खुर्ची दिली आणि म्हणाले, "आता पाय बघून घ्या. बाकीची जेवायच्या सुट्टीत येईल."

लेखी परीक्षा तेजू पास झाली आणि हातकामाच्या चाचणीचं बोलावणं आलं. बोलावणं म्हणजे निवड नव्हे, हे मी घरात प्रत्येकाला वेगवेगळं समजावलं. फोरमनना समजवायची गरज वाटली नाही; ते त्या चाचणीतून स्वतः गेले होते. ते थेट चहाच्या टपरीवर गेले आणि म्हणाले, "झालीच समजा."

आमच्याकडे 'समजा' हा शब्द कुणी ऐकत नाही. संध्याकाळपर्यंत नाक्यावर फ्लेक्स लागला: 'जहाज कारखान्यात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' वर आमच्या गावच्या पुढाऱ्याचा फोटो, दाराएवढा. त्याखाली शुभेच्छुकांचे चेहरे, त्यातल्या निम्म्यांना तेजूचं नाव माहीत नव्हतं. मागे कुठल्या तरी परदेशी बोटीचं चित्र, तिच्या छतावर पोहण्याचा तलाव. आणि कोपऱ्यात, बोटीच्या पंख्याजवळ, पासपोर्ट फोटोतली तेजू.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी मी कामं लावून ठेवली होती: ओळखपत्र, बूट, सुती कपडे, डबा, आणि फोरमनकडून शेवटच्या सूचना. सूचनांच्या वेळी देवळापुढं सत्कार निघाला. पुढाऱ्यानं सागरी परंपरेवर भाषण केलं. समुद्र आमच्यापासून एवढा लांब की सुकटसुद्धा टेंपोनं येते. मग फोरमन उभे राहिले. शिकाऊ असताना खाल्लेल्या शिव्या, त्या देणारे उस्ताद, जहाज पाण्यात सोडताना फुटलेला नारळ आणि न फुटलेला नारळ, असं सगळं सविस्तर झालं. तेजू मांडीवर शाल आणि नारळ घेऊन पेंगत होती. लोक उठून गेले, सतरंजी गुंडाळली गेली, फोरमन जहाजावरच होते. सूचना राहिल्या.

दुसऱ्या दिवशी चाचणीत डोक्यावरचाच सांधा आला. तेजूनं तो मारला, आणि तिच्या सांगण्याप्रमाणे टाकीत मारायची त्याहून बरा मारला. सांध्यावरची मळीची खपली काढली. आणि मग आमच्या दुकानात लहानपणापासून जे पाहिलं तेच केलं: ग्राइंडर उचलला आणि सांधा आरशासारखा गुळगुळीत केला. आमच्याकडे घासल्याशिवाय गेट बाहेर जात नाही. फार्महाऊसवाल्याला सांधा दिसता कामा नये. गोदीत मात्र सांधा जसा जन्मला तसाच दाखवायचा असतो. घासला म्हणजे काहीतरी लपवलं. तपासणाऱ्यानं तिनं जोडलेली लोखंडी पट्टी हातात घेतली, उलटसुलट केली आणि नापासांच्या ढिगात ठेवली.

फोरमनना हे दुकानात सांगितलं. "येवढंच सांगायचं होतं," ते म्हणाले. "घासू नको म्हणून. भाषनात ऱ्हायलं गं, तेजू."

"असू दे, आजोबा," तेजू म्हणाली आणि आत जाऊन रडली.

गावाला वाटलंच होतं. ज्यांना निवड झाल्याचं ठाऊक होतं त्या सगळ्यांना नापास होणार हेही आधीपासून ठाऊक होतं. फ्लेक्स उतरला आणि कुणाच्या तरी पेंढ्याच्या उडवीवर गेला. नानांनी पाहुण्यांना रविवारचं बोलावणं धाडलं. तेजू गावातून जाताना पोरं "अगं, बोट कुठं लागली?" असं ओरडायला लागली, तशी ती दुकानात मागच्या वाटेनं यायला लागली.

रविवारी सकाळी नाक्यावर नवा फ्लेक्स होता. निवृत्तीच्या दिवशीचा फोटो, गळ्यात हार, अंगात कोट, खाली ठळक अक्षरं: 'गोदीच्या चाचणीत शिष्येला महत्त्वाची सूचना द्यायला विसरून स्वतः नापास झाल्याबद्दल फोरमन यांचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: फोरमन.' छापणाऱ्यानं म्हणे पुन्हा पुन्हा विचारलं, अभिनंदनच ना?

पाहुणे त्याच नाक्यावरून आले. पोह्यांच्या बशा हातात घेतल्यावर मुलाच्या वडिलांचा पहिला प्रश्न मुलीच्या स्वयंपाकाचा नव्हता. "ते फोरमन कोण?" त्यांनी विचारलं.

"मीच," फोरमन म्हणाले. त्यांना बोलावलं नव्हतं, तरी ते पहिल्या खुर्चीवर होते.

"गावाची अब्रू टांगलीत तुमी," नाना दात आवळून म्हणाले.

"गावाची नाय नाना, माजी. ती माजीच हाय, मी कुठंबी टांगीन. पोरीनं सांधा चोख मारला. चुकलो मी." मग ते पाहुण्यांकडे वळले. "ती परत जानार हाय चाचनीला. सांगून ठेवलेलं बरं."

सगळ्यांनी तेजूकडे पाहिलं. पोह्यांचा ट्रे तिच्या हातात होता, आणि मनगटावर ठिणग्यांचे डाग. "जाणार," ती म्हणाली.

पाहुण्यांनी पोहे संपवले आणि कळवतो म्हणून गेले. कळवलं नाही. त्यानंतर गाव महिनाभर फोरमनना हसत होतं. टपरीवर त्यांना "अभिनंदन!" म्हणून हाक मारायचे आणि ते हात जोडून स्वीकारायचे. तेजू पुन्हा नाक्यावरून यायला लागली. तिच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. नानांनी एवढंच म्हटलं, "आणखी एकदा. आणि सत्कार नाय."

पुढच्या खेपेला तेजू लागली. ती कारखान्याच्या दारातून आत गेल्याचा फोन येईपर्यंत फोरमन टपरीवर गेलेच नाहीत. एवढा त्याग त्यांनी आयुष्यात दुसरा केला नसावा.

त्यानंतर काही महिन्यांत फोरमनना दुखणं लागलं. एका रविवारी तेजू सुट्टीला आली, तेव्हा आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. ते पडवीत खाटेवर होते. तेजूनं सांगितलं की तिथं आता कांडी कमीच लागते. बंदुकीसारखी मूठ असते, तिच्यातून तार आपोआप सुटत राहते, आणि आपला हात तिच्यावर अजून बसत नाही. मला वाटलं, आता उस्तादांच्या गोष्टींपासून सुरुवात होणार.

"ते मला येत नाय," फोरमन म्हणाले. "कसं धरतात? दाव."

तेजूनं खराट्याची एक काडी मोडून त्यांच्या हातात दिली आणि कोपर अंगाला टेकवून हात कसा न्यायचा ते दाखवलं. त्यांनी खाटेच्या कडेवरून काडी एका दमात ओढत नेली.

"चुकलं, आजोबा. घाई झाली. परत," तेजू म्हणाली.

"बरं," म्हणून फोरमननी काडी पुन्हा कडेच्या सुरुवातीला नेऊन ठेवली.