ओवे गावातला थाळीफेक्या

सावंतवाडीहून रात्रीच्या गाडीने निघालो आणि सकाळी पनवेलला उतरलो. फलाटावर माझी वाट पाहणारं कुणी नव्हतं, आणि असण्याचं कारणही नव्हतं. पस्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर माझे सगळे प्रवास असेच होतात. स्टेशनजवळच्या लॉजवर आंघोळ उरकली, टपरीवर उभ्याउभ्या चहा घेतला आणि रिक्षा शोधली.

जायचं होतं ओवे गावात, खारघरच्या कडेला. तिथं प्लास्टरच्या पुतळ्यांचं संग्रहालय आहे, असं एका जुन्या वर्गमित्राने फोनवर सांगितलं होतं. ग्रीक आणि रोमन मूर्तींवरून साचे घेऊन काढलेल्या पांढऱ्या प्रतिकृती. पूर्वी कलाशाळांत अशा पुतळ्यांसमोर बसवून चित्र काढायला शिकवत. मीही मुंबईत तसाच शिकलो. मित्राने संग्रहालयवाल्याचं नाव सांगितलं तेव्हा मात्र मी ते पुन्हा विचारून घेतलं. काशिनाथ. आमच्या कलाशाळेतला साचेकार. त्याला एक गोष्ट सांगायची माझी चाळीस वर्षं राहून गेली होती.

"प्लास्टरचे पुतळे? बसा काका, माहीत आहे," रिक्षावाला म्हणाला आणि त्याने मला थेट गणपतीच्या कारखान्यात नेऊन उभं केलं. ताडपत्रीखाली शंभरेक बिनरंगाचे गणपती ओळीने बसलेले. एक बाई सोंडेला पॉलिश पेपर मारत होती.

"बुकिंग करायचंय का?" तिने विचारलं.

"नाही, मला ते ग्रीक पुतळे बघायचेत. काशिनाथांचे."

"आग बाय! गोऱ्यांचे देव!" ती हसली. "ते ओव्याला हायत. पण बाबा गेलं ना. दोन वरसं झाली. आता त्यांची पोरगी वंदना बघते."

रिक्षावाल्याने मान वळवून विचारलं, "मग काका, जायचं, की परत स्टेशन?"

ज्याला सांगायचं तोच राहिला नाही, तर पुढे जायचं कशाला? परत फिरलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. तेच मला सहन होईना. "चला," म्हणालो.

तळोज्याच्या रस्त्याने डावीकडे डोंगर, उजवीकडे उंच इमारती. मग एकदम रस्ता अरुंद होतो आणि गाव लागतं. जुनी कौलारू घरं थोडी, नव्या तीनमजली बंगल्यांच्या रांगा जास्त. त्यांतल्या एका बंगल्यामागे पत्र्याची लांबलचक शेड होती. जमीन शहरात गेली तेव्हा काशिनाथने उरलेल्या तुकड्यावर ती बांधली. कलाशाळेने जुने पुतळे मोडीत काढले, तेव्हा टेम्पो करकरून ते इथं आणले आणि काहींवरून नवे साचे घेतले.

वंदनाने कुलूप काढलं. चाळिशीची, ओढणी कमरेला खोचलेली, हातात रुंद मऊ ब्रश. "आधी धूळ झाडते. समोर बांधकाम चालू आहे ना, रोज यांच्या खांद्यावर थर बसतो."

आत गेलो. हात नसलेली देवी, दाढीवाले तत्त्वज्ञ, घोड्याचं डोकं, भिंतीवर टांगलेली नाकं, कान, ओठ. पावसाळ्यात प्लास्टर ओल धरतं म्हणून प्रत्येक चौथऱ्याशी एकेक बल्ब लावलेला. इतक्या माणसांच्या आकारांत आम्ही दोघंच बोलणारे होतो. विसाव्या वर्षी यांच्यासमोर मी दिवसच्या दिवस बसलो होतो. त्यांच्या डोळ्यांना तेव्हाही बुबुळं नव्हती. तरी वाटलं, ओळख दाखवायचं टाळतायत.

शेवटी तो होता. थाळी फेकायला अंग पिळून वाकलेला तरुण. आम्ही विद्यार्थी त्याला थाळीफेक्या म्हणायचो. उजव्या खांद्यावर तुटून जोडल्याची जाड रेघ.

"ही मूर्ती बाबांची सगळ्यात जवळची," वंदना सांगू लागली. येणाऱ्या प्रत्येकाला ती हेच सांगत असावी. "कॉलेजात त्यांच्या हातून पडली, म्हणून त्यांना कामावरून काढलं. बाबा आधी म्हणायचे, मी नाय पाडली. मी प्लास्टरच्या गोण्या घेऊन मागून गेलो फक्त. पण मग पुढं पुढं त्यांनाच वाटायला लागलं, गोणीचा धक्का लागला असंल. शेवटच्या आजारपणातही म्हणाले, माझ्याच हातून मोडला."

मी खांद्यावरच्या त्या रेघेवर बोट ठेवलं.

"वंदनाताई, तो मी पाडला."

तिचा ब्रश थांबला.

मी सगळं सांगितलं. जेवणाची सुट्टी. वर्ग रिकामा. पुतळ्याला हात लावायला सक्त मनाई होती, पण मला त्याच्या पाठीवर खिडकीचा उजेड हवा होता. एकट्याने फिरवायला गेलो आणि तो कलंडला. मी मागच्या जिन्याने पळालो. आवाज ऐकून लोक आले तेव्हा तिथं काशिनाथ उभा होता. मला शिष्यवृत्ती होती, ती जाईल म्हणून मी गप्प बसलो. आठवड्याभराने तो कामावर दिसेनासा झाला. तरीही मी गप्पच बसलो.

वंदनाने ब्रश चौथऱ्यावर ठेवला. मग म्हणाली, "हे मला नका सांगू. आईला सांगा."

तिची आई बंगल्याच्या पडवीत सुका जवळा (बारीक कोलंबी) निवडत बसली होती. नऊवारी कासोटा, कानात जड कुड्या. "जोरात बोला," वंदना म्हणाली. "आईला ऐकू येत नाय."

चाळीस वर्षं जी गोष्ट कुणाच्या कानातही सांगितली नव्हती, ती मी त्या पडवीत ओरडून सांगितली. पहिल्यांदा म्हातारीला कळलं नाही. "काय पाडला?" तिने विचारलं. पुन्हा ओरडलो. समोरच्या घरातली बाई दारात आली. बांधकामावरचे दोन मजूर थांबून बघू लागले. तिसऱ्यांदा सांगताना माझा आवाज फुटला, आणि तेव्हा तिला समजलं.

तिचे हात सुपात तसेच राहिले.

"तवा ही पोटात होती," ती वंदनाकडे बोट करून म्हणाली. "तो रोज सकाली डबा घेऊन निघायचा. मी बांधून देयाची. खाडीवर बसायचा, आन सांजचा परत. सा महिने. मला सांगितला नाय, काम गेला म्हणून." मग तिने विचारलं, "तुमाला ठावं होता, तर तुमी कनाला बोललाव नाय?"

"भ्यालो," मी म्हणालो.

तिने मान हलवली. माफ केलं असं नाही; ऐकलं, इतकंच. मग सूप बाजूला सारून वंदनाला म्हणाली, "त्याला भाकरी वाढ. लांबशी आयलाय."

तांदळाची मऊ भाकरी आणि जवळ्याचं तिखट. मी खाली मान घालून जेवलो. हात धुवून आलो तर वंदना वही-पेन घेऊन उभी होती.

"उद्यापासून मी लोकांना काय सांगू?" तिने विचारलं.

"खरं ते. माझ्या नावासकट."

"मग लिहून द्या. सही करा खाली."

लिहिलं. तिने ते दोनदा वाचलं. "बाबांचं नाव आधी पाहिजे," ती म्हणाली. मी कागद फाडला आणि पुन्हा लिहिला: काशिनाथच्या हातून हा पुतळा पडला नाही, तो मी पाडला. त्याखाली माझं नाव. तिने कागद घेतला आणि ती शेडकडे निघून गेली. निरोप घ्यायला ती फाटकापर्यंत आली नाही, आणि मीही थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीला खिडकीची जागा मिळाली. पेण गेलं, रोहा गेलं, बोगदे सुरू झाले. मला वाटलं होतं, सांगून टाकलं की हलकं वाटेल. तसं झालं नाही. ज्याने ऐकायला हवं होतं तो, पुतळा आपल्याच हातून मोडला असं समजून गेला. ते आता कुणीच दुरुस्त करू शकत नाही.

सावंतवाडीत मला ओळखणारी शेकडो माणसं आहेत. निम्मं गाव मला सर म्हणतं. ते कशाला मान देतात हे त्यांना माहीत नाही. मी खरा कोण आहे हे ठाऊक असलेली दोनच माणसं या जगात आहेत, आणि त्या दोघी ओव्याला राहतात. त्या मला पुन्हा बोलावणार नाहीत. घराचं कुलूप काढताना तरीही मनात आलं, पावसाळ्यापूर्वी एकदा जावं. पुतळ्यांवरची धूळ झाडायला कुणीतरी हवंच असेल.