वर्नाचे तीन ठोके

आमच्या वॉशिंग्टन राज्याच्या डोंगरात आम्ही हौशी मंडळी दर शनिवारी सॅसक्वॉच, म्हणजे तो दंतकथेतला केसाळ रानमाणूस, शोधायला जातो. झाडावर बेसबॉलची बॅट आपटायची आणि पलीकडून उत्तराचा ठोका येतो का, कान देऊन बसायचं.

शाळेत स्वयंपाक करणाऱ्या वर्नाने एकदा भल्यामोठ्या पाऊलठशाचा प्लास्टरचा साचा आणला. आमचा म्होरक्या ड्वाइट, तोंडाला लगाम नसलेला माणूस, सगळ्यांदेखत खिदळला.

"अगं बाई, अस्वलाच्या पुढच्या पावलावर मागचं पडलंय, म्हणून ठसा एवढा मोठा दिसतोय! तू आपली बटाटे सोल."

साचा त्याने आपटला. वर्ना तुकडे उचलून निघून गेली, ती पुन्हा आलीच नाही.

पुढच्याच शनिवारी समोरच्या कड्यावरून तीन ठोके आले. ड्वाइट आनंदाने लहान मुलासारखा रडला. नऊ वर्षं दर शनिवारी ते ठोके येत राहिले. शेवटी त्याने गावातलं घर विकून कड्याखाली खोपटं घेतलं आणि तो वर्नाच्या दारी आला. मी तिथेच होते.

"तुझा साचा खरा होता गं. माफ कर मला."

"केलं," वर्ना म्हणाली. वर कॉफी पाजली.

तो निघून जाताच तिने दाराआडची झिजलेली बॅट काढली आणि पेटत्या शेगडीत सारली.

"नऊ वर्षं कडा चढून गुडघे गेले माझे. आता बसू दे त्याला ऐकत."

"अगं, निदान खरं सांग त्याला!"

"सांगितलं तर सुटेल की मेला!"