स्टेनलेसच्या नळ्यांना गंजाचं तेल

मंडळी, आज डोकं फिरलंय.

समुद्राला हवेतला कार्बन आणखी शोषायला लावता येईल का, यावर आमचं संशोधन चालतं. पाण्याचे नमुने घ्यायच्या नळ्या चाकणला, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये करायला दिल्या होत्या. तेलाचा थेंबही नको, नमुने बाद होतात, असं बजावलं होतं.

आज आणायला गेले, तर सगळ्या तेलाने चोपडलेल्या!

"मॅडम, तेल मारल्याशिवाय आमचा माल बाहेर जातच नाही. गंज चढतो ना," मालक कौतुकाने म्हणाले.

अहो, स्टेनलेसला कसला गंज? आता हे तेल पुरतं काढायला आठवडा जाईल, आणि नमुने आणायला जाणारी बोट उद्याच, आमच्या नळ्यांशिवाय निघणार.

मी रडकुंडीला आले, तर मलाच समजावतात, "एवढा मोठा समुद्र! चमचाभर तेलाने त्याला काय होतंय?"

हेच म्हणत प्रत्येकाने आपापला चमचा ओतलाय. तुमचा कोणता?