कोळशाच्या मोटारीपुढचा कापूर

मोटारीच्या मालकाला मी भर स्टँडवर, चारचौघांत खोटं पाडलं. त्याचा मला आजही आनंद होतो. शहाण्या माणसानं असं लिहू नये म्हणतात, मी लिहितो. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. पुण्याहून रसायनशास्त्राची पदवी घेऊन आलो, आणि तिचं चीज झालं ते त्या दिवशी.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळत नव्हतं. भिंगारवरून लष्कराच्या लॉऱ्या भरधाव जात, आणि आमच्या नगर-पाथर्डीच्या मोटारी कोळशावर धापा टाकत. मोटारीच्या मागे माणसाएवढी लोखंडी टाकी बसवलेली. तिच्यात लोणारी कोळसा पेटवायचा, त्याचा गॅस नळीतून इंजिनात जायचा. इंजिन सुरू झालं की ते गॅस आत ओढून घेई. पण त्याआधी पंखा हातानं फिरवून टाकी तापवावी लागे, आणि तेवढ्या वेळात झाकण जरा जरी सैल असलं तर गॅस फटीतून बाहेर येई. तो डोळ्यांना दिसत नसे. जवळ उभ्या माणसाचं डोकं दुखू लागे, एवढंच.

माझा थोरला भाऊ अशा एका मोटारीवर ड्रायव्हर होता. दर अमावास्येला मालक स्वतः स्टँडवर येऊन नारळ फोडायचा आणि ताटात कापूर पेटवून गाडीला ओवाळायचा. पूर्वी तो बॉनेटला ओवाळी. टाकी आल्यापासून टाकीला ओवाळू लागला, कारण गाडीचा जीव आता तिच्यात. तेही पंखा फिरत असतानाच, म्हणजे गाडी जागी असते.

दादानं त्याला सांगून पाहिलं होतं. "मालक, झाकणाची फट बुजवायची दोरी झिजलीय. नवी आणा. तवर आरती पुढं बॉनेटला करा."

"तू गाडी हाक. देवाचं मला शिकवू नगं."

त्या अमावास्येला मी सुटीवर आलेलो होतो आणि गाडीत मागच्या बाकावर बसलो होतो. दादा पंखा फिरवत होता. कापराची ज्योत झाकणाजवळ गेली आणि फटीभोवती निळी आग सर्रकन फिरली. मालकानं ताट टाकलं आणि तो पळाला. दादा पळाला नाही. "उतरा, उतरा खाली," असं ओरडतच त्यानं टाकीच्या बुडाशी असलेलं हवेचं दार हातानं बंद केलं आणि भिजलेलं पोतं झाकणावर दाबून धरलं. आग गुदमरून विझली. एकाही उतारूला चटका बसला नाही. दादाचे दोन्ही हात मात्र कोपरापर्यंत सोलून निघाले.

पोलीस आले तेव्हा मालक म्हणाला, "ड्रायव्हरच्या तोंडात बिडी होती."

दादानं जन्मात बिडी ओढली नव्हती. हमालांनी पाहिलं होतं, हॉटेलवाल्यानं पाहिलं होतं. पण सगळ्यांची पोटं मालकाच्या गाड्यांवर, म्हणून सगळे गप्प. मी बोललो, तर सख्ख्या भावाची साक्ष कोण धरतो? दादाची नोकरी गेली. हात बरे झाल्यावर तो काम मागत फिरला, पण दुसऱ्या कुठल्या मालकानं त्याला गाडीला हात लावू दिला नाही. पोरंसोरं त्याला 'बिडीवाला' म्हणू लागली. तो ऐकून घ्यायचा. मला ते जमत नव्हतं.

पदवी घेऊन मी नगरात मास्तर झालो. बाँबच्या धास्तीनं तेव्हा शहरात लोकांना आग विझवायला शिकवणारी पथकं निघाली होती. सायन्सचा मास्तर म्हणून मला बोलावणं आलं. प्रात्यक्षिकासाठी मोटार-स्टँड मी मागून घेतला. दिवस अमावास्येचा घेतला, तोही मीच.

मालक ताट घेऊन आला तेव्हा उतारू खाली उतरवलेले होते आणि त्याची गाडी बाजूच्या मोकळ्या मैदानात ढकललेली होती. वाळूच्या बादल्या मांडलेल्या, पोती भिजवलेली. हवेच्या दारापाशी दादाला उभा केला होता. झाकण मी जरासं सैल सोडलं आणि पंखा सुरू करायला लावला.

"या मालक, ओवाळा," मी म्हणालो.

मालक जागचा हलला नाही. "थट्टा करता का मास्तर? झाकण सैल हाय."

"असू द्या की. आग बिडीनं लागते. कापराचं काय भ्या?"

हमाल तोंड फिरवून हसू लागले. हॉटेलवाला म्हणाला, "व्हय मालक, देवाचं काम हाय. खोळंबू नगा."

"गाडी जळंल माझी."

"कशानं?"

त्यानं ताट पाठीमागं नेलं.

"कशानं जळंल, मालक? मागच्यांना ऐकू येईना."

"कापरानं."

"आणि मागच्या खेपेला?"

"मागल्या खेपंलाबी कापरानंच," तो पुटपुटला.

दादा तिथूनच म्हणाला, "बास कर आता. पडलं त्याचं तोंड."

पण माझं समाधान झालं नव्हतं. लिंबाखाली बसलेल्या उतारूंना ऐकू गेलं नाही म्हणून मी त्याला पुन्हा म्हणायला लावलं. मग हॉटेलाकडे तोंड करून पुन्हा. दादाची दोन वर्षं त्यानं खाल्ली होती. तीन वाक्यांत तो स्वस्तात सुटला.

त्यानंतर त्याच्याच ताटातला कापूर मी लांब काठीला बांधला आणि पेटवून झाकणाला लावला. निळी ज्वाळा उठली. दादानं दार बंद केलं, पोतं टाकलं, आणि सगळ्यांना सांगितलं, "आधी हवा तोडायची. तापल्या टाकीत पानी वतायचं न्हाई."

संध्याकाळी मालक घरी आला. झालं गेलं विसरून गाडीवर ये, म्हणाला. दादा कदाचित गेलाही असता. मीच दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "बिडीवाला ड्रायव्हर तुम्हाला परवडायचा नाही."

पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या एका मालकानं दादाला पाथर्डीची गाडी दिली. सुटायची वेळ जुन्या मालकाच्या गाडीच्या जरा आधी ठेव, हे दादाला मी सांगितलं. त्यानं ठेवली. दादाची गाडी भरून जायची. जुन्या मालकाची मागून सुटणारी बरेच दिवस अर्धी रिकामी धावली. शाळेत जाताना मी मुद्दाम स्टँडवरून जायचो आणि ते बघायचो.