उंबऱ्यावरची तलवार

आमच्या घरच्या तलवारीला मी हात लावला. मुद्दाम लावला, आणि वेळ आली तर पुन्हा लावीन.

शिरोळकडच्या आमच्या गावात त्या तलवारीचा भारी दरारा. सासरे सांगायचे, लढाईत ती आपणहून म्यानाबाहेर यायची. संकट जवळ आलं की आतल्या आत खणखणते. आणि सगळ्यात मोठी करामत म्हणजे उंबऱ्यावर आडवी ठेवली की कृष्णामाई माघारी फिरते. सासऱ्यांच्या तरुणपणी पूर पायरीपर्यंत येऊन ओसरला होता, म्हणजे सिद्धच झालं! फक्त बाईचा हात लागला की तिचं सत्त्व जातं म्हणे. खंडेनवमीला हार मी ओवायचा, नैवेद्य मी करायचा, आणि पूजेच्या वेळी चार पावलं मागं सरकायचं. मी अंगणवाडीत शिकवते, गावभर बोलते, पण या बाबतीत वर्षानुवर्षं मूग गिळून गप्प बसले. त्याचा राग मला अजून आहे.

त्या वर्षी धरणातून पाणी सोडलं आणि दुपारपर्यंत आमची गल्ली बुडाली. नवरा पोरांना आणि म्हशींना घेऊन आदल्या दिवशीच माळावरच्या शाळेत गेला होता. घरात मी आणि सासरे. त्यांनी तलवार उंबऱ्यावर आडवी ठेवली आणि मागच्या खोलीत, मातीच्या भिंतीला लागून असलेल्या खाटेवर पाय रोवून बसले.

दारात रबरी बोट आली. बोटवाला ओरडला, "चला लवकर, ही शेवटची खेप हाय!"

"पावणं, तुम्ही जावा," सासरे आतूनच म्हणाले. "तलवार हाय उंबऱ्यावर. आमाला काय हुत न्हाय."

"मामा, पाणी उंबऱ्यावरनं आत आलंय की," मी म्हणाले.

"यील आन् जाईल."

मी हात जोडले, रडले, नातवंडांची शपथ घातली. माणूस हलेना. पाणी पोटऱ्यांना लागलं. हा म्हातारा माझ्या डोळ्यांदेखत बुडणार, आणि ते एका लोखंडाच्या पात्यापायी, या विचाराने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक गोष्ट मात्र मला पक्की ठाऊक होती. सासरे घर सोडणार नाहीत, पण तलवारीला एकटं सोडणं त्यांना जमायचं नाही.

मी वाकले आणि पाण्यातून तलवार उचलली. वाटली होती त्याहून जड निघाली.

"अगं ए! हात लावू नगंस! ठेव खाली!"

"या की घ्यायला," मी म्हणाले आणि बाहेर पडले.

सासरे खाटेवरून उठले. शिव्या घालत, भिंत धरत, पाणी तुडवत बोटीपर्यंत आले. बोटवाल्याने काखेत हात घालून त्यांना वर ओढलं. बसल्या बसल्या त्यांनी माझ्या हातातून तलवार हिसकावली आणि माझ्याकडे पाठ फिरवली. शाळेत आम्ही आठवडाभर राहिलो. मी वाढलेलं ताट ते घ्यायचे, पण शब्द नाही. गाववाल्यांना मात्र माझ्यासमोर सांगायचे, "बाटवली हिनं. आता घर ऱ्हायाचं न्हाय."

पाणी उतरल्यावर आम्ही परत आलो. म्यानातली तलवार सासऱ्यांच्या काखेत होती. घराची मागची भिंत पडली होती.

"बघ," सासरे म्हणाले. "तुझा हात लागला, म्हनून पडली. सत्त्व गेलं तिचं."

मी त्यांचा दंड धरला आणि त्यांना चिखलातून आत नेलं. अख्खी भिंत खाटेवर कोसळली होती. खाटेचा एक पाय तेवढा मातीतून वर आला होता.

"ही भिंत पडली तवा तुम्ही कुठं हुता, मामा?"

ते खाटेच्या पायाकडे बघायला लागले.

"शाळंत आमटी-भात खात हुता. तुमाला हितनं उठवलं कुनी? तिनंच की! आन् ती माझ्या हातात हुती. मग सत्त्व गेलं का आलं, सांगा."

त्यांनी खाटेच्या पायाला हात लावून बघितला. मग तिथंच चिखलात उकिडवे बसले आणि तोंडावर पंचा धरून रडले. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला नाही. माझा राग अजून उतरला नव्हता. त्यांच्या काखेतली तलवार मी काढून घेतली आणि ती ठेवायला कोरडी जागा बघू लागले. त्यांनी ती माझ्या हाती राहू दिली.