न पुसलेली सही

सोनीने ओल्या फडक्याने पाटी पुसली. अक्षरं गेली, आणि त्यांच्यामागोमाग पाटीचा काळा रंगही गेला. खाली निघालं पांढरं लाकूड.

महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. मार्गासनीच्या वरच्या अंगाला एका वाडीत शाळा होती. मी शाळातपासनीस. म्हणजे गावोगाव पायी जायचं, मुलांना पाढे विचारायचे, आलेलं सामान पाहायचं आणि मास्तरांकडे जेवायचं. यातलं शेवटचं काम मी कधी चुकवलं नाही.

"साहेब, समद्याच पाट्या अशा," मास्तर म्हणाले. "कुणी पास केल्या कुणास ठाऊक!"

मला ठाऊक होतं. मीच.

भोरला कंत्राटदाराने सँपलची पाटी पुढे केली होती. "लिहून तर बघा, रावसाहेब." मी झोकात सही केली. "अहाहा! मोत्याचा सर जणू!" तो म्हणाला. इतकी सुंदर सही पुसायला माझा हात धजावेना. पेट्या न उघडताच सर्टिफिकेट दिलं, 'सर्व माल उत्तम.' लोक लाच खातात; मी नुसत्या कौतुकावर भागवलं.

सोनीचा बाप शाळेच्या दारातच उभा होता, हातात दावं. "शाळंत पाटी न्हाई, मग पोरगी उद्यापास्नं गुरांमागं. माजं काय चुकलं का सायेब?"

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. "पंधरा दिवस थांबा," मी म्हणालो.

भोरला कचेरीत येऊन माझ्या वरच्या साहेबांच्या टेबलावर पाटी पुसून दाखवली.

"पण सर्टिफिकेटवर सही तुमची आहे!"

"हो. अक्षर बरं आलंय."

"थट्टा पुरे. रिपोर्ट केलात तर पहिला ठपका तुमच्यावर."

"येऊ द्या. पाट्या तेवढ्या दगडी येऊ द्या."

ठपका आला. पाठोपाठ यायची ती बढती मात्र वाटेतून परत गेली. कंत्राटदाराला सगळा माल बदलून द्यावा लागला. पंधराव्या दिवशी बैलगाडीत पेटीवर बसून मी वाडीत हजर झालो, आणि सोनीच्या बापासमोर एकेक पाटी ओल्या फडक्याने घासली.

सोनी तोंडावर हात धरून हसली. "सायेब, हे आदीच का न्हाई केलं?"

मी फडकं पिळून तिच्या हातात दिलं. बापाने दावं खांद्यावर टाकलं आणि एकटाच गुरांमागं गेला.

पुढे सोनी चौथी पास झाली. मी आहे त्याच जागेवर आहे, आणि मजेत आहे. आमच्या घरात नवी वस्तू आली की बायको ती माझ्या हातात देत नाही; आधी स्वतः ओल्या फडक्याने पुसून बघते.

तेव्हा एवढंच सांगतो: माल पुसून पाहावा. विकणारा आपल्या अक्षराची तारीफ करत असेल, तर दोनदा.